शेवटचं ताट

तारोडी, १९७३

ज्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, त्यांना,

दर्यानं तुम्हाला नेलं तेव्हापासून बोट मी सांभाळतेय. बर्फ, डिझेल, जाळी, सगळं वेळच्या वेळी मिळतं. खलाशी मात्र मिळेनात. जवान पोरं भाईंदरच्या कारखान्यांत जातात. म्हणून मी पगार वाढवला, रत्नागिरीहून माणसं आणली, बोट हाकायला महिपतला तांडेल केलं. तांडेलानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, ही तुमची रीतही त्याला सांगितली.

काल महिपत म्हणाला, "वैनी, मी शेवटीच जेवतो. पन माझ्यामागं अजून येक ताट वाढून ठेवतात. दादाचं."

मी तडक बंदरावर गेले. ताट वाढणारा सदू रत्नागिरीचा, त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. त्याला म्हटलं, "मालकीण मी आहे. हे ताट बंद कर."

तो खाली बघत बोलला, "ताट न्या, वैनी. पण मग उद्या बोटीवर कोण चढायचा नाय. वादळात सुकाणू कोण धरतं, ते आम्हाला ठाऊक आहे."

महिपत शेजारीच उभा होता. तो सदूच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मी ताट घासून परत दिलं आणि बोट गेली. माणसं मी आणते, पण ती जातात तुमच्यामागं.

घरातलं तुमचं ताट मी तुम्ही गेलात त्याच वर्षी मोडीत दिलं होतं. डोळ्यांसमोर नको वाटायचं. तुम्ही बोटीवर जेवता आणि घरी येत नाही, ते त्यामुळंच का?

तुमच्या दाराशी बसलेली,
आनंदी