शेजारच्या खाटेचं मनगट

विहीणबाईंना, न पोचणारा नमस्कार.

मुलीला वळण लावलं नाहीत, असं मी तुम्हाला लग्नात चारचौघांत सुनावलं होतं. ते शब्द मागे घेते.

लढाई शहराच्या वेशीवर आली त्याच आठवड्यात माझ्या छातीत कळ आली. तुमची मुलगी ज्या हॉस्पिटलात हृदयाची डॉक्टर, तिथेच मला नेलं. तपासायच्या रांगेत तिने मला तिसरा नंबर दिला. सासू म्हणून काडीची सवलत नाही. पण वाचवलं तिनेच.

मग तोफा सुरू झाल्या, आम्हाला तळघरात हलवलं, आणि वीज गेली. जनरेटर फक्त ऑपरेशनपुरता, म्हणून ठोके दाखवणारी यंत्रं बंद. तर हिने काय करावं? शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याचं मनगट माझ्या हातात दिलं, माझं त्याच्या. "आई, नाडी मोजत राहा. अडखळली की हाक मारा." तळघरातल्या बाराही खाटांवर हाच उद्योग. वर तोफा, खाली आम्ही म्हातारे शाळेतल्यासारखे आकडे म्हणतोय. दुपारी शिंप्याची नाडी अडखळली. मी ओरडले, ती धावत आली, शिंपी वाचला. आता मलाच डॉक्टरीणबाई म्हणतो मेला.

नंतर ती जरा माझ्या खाटेवर टेकली. सवयीने मी तिचंही मनगट धरलं. मिनिटाला एकशे वीस ठोके भरले, शिंप्याहूनही जास्त. "कुणाला सांगू नका, आई," म्हणाली आणि उठून पुढच्या खाटेकडे गेली.

म्हणून हे पत्र पाठवत नाही. वाचलंत तर लेकीला माहेरी बोलावून घ्याल. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण बारा खाटा भरलेल्या आहेत, आणि तिची नाडी मी रोज मोजते.

तुमच्या मुलीची सासू