पाण्याखालच्या ओळी

३ ऑक्टोबर
कायानी गावात पोहोचले. नदीकाठचं छोटं संग्रहालय, खिडकीत जेरेनियम, स्वागताला कॉफी आणि वेलचीचा बन. नोकरी मिळावी तर अशी! तीस वर्षांपूर्वी रोपे नावाच्या माणसाने अक्षरं आणि रंगीत चौकोन जुळवून काढलेली चित्रं संगणकाच्या नव्या टर्मिनलवर, म्हणजे पडद्यावर, दाखवायची आहेत. तो पुढे तळ्यात बुडाला. फायली त्याच्या बहिणीने, आइलीने, दिल्या. इथला साहेब, कालेर्वो, हा रोपेचा जुना मित्र. कालेर्वोची लाल टोपीही आइलीनेच विणलेली, आल्या आल्या तो ती खोलीतल्या खुंटीवर टांगतो. वर पांढरा गोंडा. अशी दुसरी नाही, असं तो कौतुकाने सांगतो.

५ ऑक्टोबर
पहिलं चित्र पार विस्कटलं. पडद्यावरची चौकट जास्त रुंद होती. एका ओळीत ऐंशीच अक्षरं बसतील अशी केल्यावर ओळी जागेवर बसल्या. तळं, काठावर वाफेच्या स्नानाची सौना-खोली, पाण्यात गेलेला रिकामा लाकडी धक्का. पण एवढ्याशा चित्राची फाइल इतकी मोठी कशी? मला खटकलंच. तेव्हा चित्रं फोनच्या तारेवरून अक्षर-अक्षर उतरायची, आता क्षणात आदळतात. वेग कमी करून बघू का, असं कालेर्वोला विचारलं. तो हसला, पण कप ठेवताना कॉफी सांडली.
"झालेलं चित्र दाखव, सायमी. होताना कशाला बघायचं?"

८ ऑक्टोबर
तो जेवायला गेल्यावर हळू चालवलं. धक्क्यावर एक माणूस उमटला. मग त्याच्या मागे दुसरा, हात पुढे केलेला. पहिला पाण्यात. मग निळे चौकोन आले आणि सगळं झाकलं गेलं.
फाइलच्या शेवटी चित्रकाराची सही आणि तारीख असते. सही रोपेची. तारीख त्याच्या अंत्यविधीनंतरची.
मला भीती वाटते आहे.

१० ऑक्टोबर
पुन्हा पाहिलं. मागच्या माणसाच्या डोक्यावर लाल चौकोन, वर पांढरा ठिपका.
किती वेगाने चालवलंस, असं कालेर्वोने विचारलं. चालवलंच नाही म्हटलं. त्याला पटलं नाही. उद्या आइलीला बोलावलं आहे, तिलाच दाखवते.

११ ऑक्टोबर
फाइल वाढली आहे. कुणी हात लावलेला नाही.
आइली वाटेत आहे. चित्र लावलं — तळं नाही. ही खोली. जेरेनियम. खुर्चीत पाठमोरी बाई, काहीतरी लिहिते आहे —
मागे दार उघडं —
खुंटीवर टोपी नाही —
चित्रात आहे. हात पुढे —
थांबत नाही. कर्सर पुन्हा वरच्या ओळीवर गेला. निळे चौकोन, एकेक, माझ्या केसां