व्हिसाच्या पानावरचं कुंकू

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. परदेशी जाताना माणसं जे हमखास विसरतात, ते मी विसरणार नाही. त्याचा लेखी पुरावा असावा, एवढाच हेतू.
विमान २८ तारखेला मुंबईहून. ३ मार्चला जर्मनीतल्या हॉस्पिटलात हजर व्हायचं. आम्ही सहा नर्सेस, एकच बॅच. दोन वर्षं जर्मन घोकलं ते याच दिवसासाठी. क्लासचे मनोज सर काल म्हणाले, जी ३ मार्चला पोचणार नाही तिची जागा दुसरीला जाईल. सर हे बोलताना सारखे माझ्याकडे बघत होते. विश्वासाने असावं.
यादी क्रमांक १ तयार. गोल पिनांचा अॅडॅप्टर. चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद. गोळ्यांची कंपनीची नव्हे, औषधाची नावं. बँकेच्या सिमला रोमिंग, नाहीतर ओटीपी येत नाही. जायच्या आधी दात दाखवून घेणे. एकूण त्रेचाळीस गोष्टी.

३ फेब्रुवारी, सोमवार
यादी बॅचच्या ग्रुपवर टाकली. सायखेड्याच्या स्नेहलचं उत्तर आलं, "ताई, लय भारी हाय यादी. पण मला चटणी नेऊ दे फक्त."
तिच्यासाठी वेगळा व्हॉइस मेसेज केला. चार मिनिटांचा. विषय : पासपोर्ट सांभाळणे. पासपोर्टाला पाणी, तेल, हळद, कसलाही डाग लागता कामा नये. एका डागाने माणूस परत येतो. स्नेहलने दोन हात जोडलेले पाठवले. पूर्ण ऐकलं असेल असं वाटत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
वणीच्या गडावर जाऊन आलो. आई म्हणाली, देवीच्या पायाशी ठेवल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. बाबांना म्हणाली, "तुम्ही प्रेसमध्ये लागलात तेव्हा ऑर्डर कुठं ठेवली होती? आठवतं का?" बाबा चपला घालून दाराशी उभे राहिले. ते नाशिक रोडच्या पासपोर्ट छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये तीस वर्षं तपासणीला होते. छापलेला कागद उजेडात धरायचा आणि डाग दिसला की बाजूला काढायचा, हेच काम. त्यामुळे मुळात कमी बोलतात.
गडावर आईने पासपोर्टच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर चिमूटभर कोरडं कुंकू लावलं. मी लगेच रुमालाने पुसलं. आईने बघितलं.
परत येताना सगळा रस्ता मनात तेच. देवीच्या दारात देवीचं कुंकू पुसलं. वाटेत एक टायर पंक्चर झालं.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी सात
चूक सुधारली. देवघरासमोर बसून पासपोर्ट उघडला. व्हिसाच्या पानाचा एक कोपरा रिकामा आहे, तिथे करंगळीशेजारच्या बोटाने अगदी लहानसा ठिपका लावला. कोरडं लावलं तर पुन्हा पुसलं जाईल, म्हणून बोट पाण्यात बुडवून. आता बरं वाटतंय. कव्हरवरचं वरवरचं असतं, हे आतपर्यंत पोचलं. पासपोर्ट बंद करून कपाटात, साड्यांच्या घडीखाली. कोणाला सांगण्यासारखं यात काही नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
पासपोर्ट बघितला.
ओला असताना बंद केला, हे एक झालं. ठिपका समोरच्या पानावर उमटला आणि तिथून परत घसरला. व्हिसावर माझा जो छोटा फोटो आहे, त्याच्या गळ्यावर लाल रेघ आली आहे. आडवी. दुसरीकडे कुठेही आली असती तर चाललं असतं.
घाबरण्यासारखं काही नाही. मी नर्स आहे. डाग काढणं हे माझं रोजचं काम आहे.

५ फेब्रुवारी, दुपारी
कापूस आणि सॅनिटायझर वापरला. रेघ गेली. तिच्या जागी गुलाबी ढग आला. जन्मतारखेचे आकडे किंचित पसरले. जवळून वाचता येतात. लांबून तर कोणाचेच वाचता येत नाहीत.
निर्णय : उद्या सकाळी मनोज सरांना फोन.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सरांना फोन केला नाही. गुरुवारी सर नवीन बॅचच्या गडबडीत असतात. शिवाय विचार केला, की डाग मला दिसतो कारण मला माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याला कसा दिसेल?

९ फेब्रुवारी, रविवार
यादी क्रमांक २ : चेक-इन बॅग आणि हँडबॅग यांची विभागणी. पॉवर बँक हातात. नेलकटर खाली. ओरिजिनल सर्टिफिकेट्स हातात, झेरॉक्स दोन्हीकडे. आईचे तुपातले लाडू बाहेर काढले. तिकडे दुधातुपाचं काही चालत नाही. आई म्हणाली, "मग ती लोकं अंगाला काय लावतात?" त्याचा लाडवांशी काय संबंध, कळलं नाही. लाडू बाबांनी खाल्ले.
सगळ्यांच्या पासपोर्टची व्हिसाची पानं सरांनी पुन्हा मागवली आहेत, स्कॅन करून. मी जानेवारीतलं स्कॅन पाठवलं. पासपोर्ट तोच, पान तेच, फोटो माझाच. यात खोटं काय आहे ते मी शोधून बघितलं. सापडलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दात दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, दात उत्तम, पण झोपेत चावता का? हिरड्यांवर दाब दिसतोय. मी म्हटलं, नाही. यादीत टिक केली.
बाबांनी जेवताना विचारलं, "व्हिसा कसा असतो बघू तरी एकदा. आमच्या हातून कोरी पानं गेली, भरलेलं कधी बघितलं नाही." मी म्हटलं, बॅगेत सील केलाय, उघडला तर पुन्हा पॅक करावं लागेल. त्यांनी मान हलवली. उरलेला भात तसाच ठेवून उठले.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज पान उन्हात धरून बघितलं. गुलाबी रंग उडाल्यासारखा वाटतो. आरशातून बघितला तर जवळजवळ नाहीच.
ग्रुपवर स्नेहलने विचारलं, पासपोर्टाच्या कव्हरला थोडं तेल लागलं तर चालेल का? मी लिहिलं, ताबडतोब सरांना दाखव, एक दिवसही थांबू नकोस. जबाबदारी म्हणून लिहावंच लागलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
बाबांनी बॅग उघडली. मी बँकेत गेले होते.
घरी आले तर पासपोर्ट टेबलावर उघडा. बाबा चष्मा लावून खिडकीशी उभे. त्यांनी पान उजेडात धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ धरलं. मग चष्मा काढला आणि पासपोर्ट टेबलाच्या कडेला सरकवून ठेवला. वेगळा. मला ती हालचाल ओळखू आली. लहानपणी एकदा प्रेसच्या गोष्टी सांगताना त्यांनी तशीच करून दाखवली होती.
आई स्वयंपाकघरातून आली. पान बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "माझंच कुंकू झिरपलं गं संजे. गडावरचं."
मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. तिसरीनंतर विषय पुढे गेला होता.
बाबा आईला म्हणाले, "पंख्याला लाव, फ्रिजला लाव, मिक्सरला लाव. आता पोरीच्या पासपोर्टाला." एवढं मोठ्याने ते कधी बोलत नाहीत.
मी खोटं बोलले नाही. मी फक्त बोलले नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
बाबा म्हणाले, पासपोर्ट ऑफिसला जाऊ, सगळं सांगू, नवीन काढू, व्हिसा परत मागू. मी हिशेब समजावला : आठ दिवसांत नवीन पासपोर्ट झाला तरी व्हिसा होणार नाही, म्हणजे ३ मार्च गेली. आहे तसाच घेऊन जाणं हाच शहाणपणा. बाबा म्हणाले, "हे पंधरा दिवसांपूर्वी झालं असणार. तेव्हाच कळलं असतं तर?" कोणाला कळलं असतं, ते त्यांनी म्हटलं नाही. आईकडेही बघितलं नाही. माझ्याकडे बघत होते.
आईने कुंकवाचा करंडा माळ्यावर ठेवला. आज तिच्या कपाळावर दुकानातली चिकटवायची टिकली आहे. मी तिला पहिल्यांदाच तशी बघितली. टिकली थोडी वाकडी होती, पण सांगायचं धाडस झालं नाही.
निर्णय : जायच्या आधी आईला सगळं सांगणे. यादी क्रमांक ३ मध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
यादी ३ मधल्या बाकी सगळ्या ओळी पूर्ण. बॅगेचं वजन केलं. आधी मी एकटी वजनकाट्यावर, मग बॅग घेऊन. हँडलला लाल रिबीन बांधली होती, ओळखू यावी म्हणून. दुपारी काढून निळी बांधली.
आई दोन दिवस जेवली नाही. उपास आहे म्हणते. कसला ते विचारलं तर म्हणाली, "असतो एकेक."
सांगायचं ठरवलं होतं. पण माणूस उपाशी असताना असलं काही सांगू नये. पित्त होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
उद्या निघायचं. काउंटरवर कोणी विचारलं तर काय म्हणायचं ते तीन भाषांत लिहून पाठ केलं. मराठीतलं सगळ्यात खरं वाटतं, पण तिथे उपयोग नाही.
आईने बॅगेला ओवाळलं नाही. मी म्हटलं, असू दे, वेळ कमी आहे. वेळ होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. विमानतळ
सात वाजता काउंटरवर. माझ्या आधी पाचही जणी झाल्या. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट उघडला, मिटला आणि घेऊन आत गेली. मी हसत उभी राहिले. हसणं यादीत होतं.
ती एका वयस्कर गृहस्थांना घेऊन आली. त्यांनी अंगठ्याने पान चाचपलं. "मॅडम, हे काय?"
तिन्ही भाषा गेल्या. मी म्हटलं, "कुंकू."
ते म्हणाले, "ते मला समजलं हो. तिकडे उतरल्यावर त्यांना समजणार नाही. तिथून ते परत पाठवतील, म्हणून आम्ही इथेच थांबवतो."
मी यादी दाखवली. खरंच दाखवली. त्रेचाळीस टिका. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाचली आणि परत दिली.
स्नेहल गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, राग नको मानू. तुझा अॅडॅप्टर देते का? मी विसरले." दिला. सोबत गोळ्यांच्या नावांचा कागदही दिला. पाचही जणी आत गेल्या. काचेतून बराच वेळ हात दिसत होता, पण तो दुसऱ्याच कोणाचा निघाला.
आईबाबा बाहेर गाडीपाशी होते. मी ट्रॉली ढकलत येताना आईने लांबूनच बघितलं आणि खाली बसली, फुटपाथवरच. म्हणाली, "माझ्या हातानं झालं." बाबा बॅगा डिकीत टाकू लागले.

१ मार्च, शनिवार
परतीच्या वाटेवर सांगायचं ठरवलं होतं. शहापूरला ठरवलं, कसारा घाटाआधी. घाटात वळणं होती. इगतपुरीला आईचा डोळा लागला. घोटीच्या टोलनाक्यावर ती जागी होती, पण ड्रायव्हरने रेडिओ बंद केला होता. त्याच्या देखत कसं सांगणार?
घरी आल्यावर आईने विचारलं, "भूक लागली का?" मी हो म्हटलं. हे मात्र खरं होतं.

३ मार्च, सोमवार
ग्रुपवर फोटो आला. पाच जणी, पांढरे कोट, मागे हॉस्पिटलचं दार. मनोज सरांचा फोन. ओरडले नाहीत. म्हणाले, "जानेवारीतलं स्कॅन होतं ना ते? मला वाटलंच." हॉस्पिटलचं उत्तर आलं आहे, पुढच्या बॅचच्या वेळी बघू. पुढची बॅच कधी, ते लिहिलेलं नाही.
यादी क्रमांक ४ करायला घेतली. मथळा सुचला नाही.

६ मार्च, गुरुवार. पासपोर्ट ऑफिस
नवीन पासपोर्टसाठी अर्ज. तिघंही आलो. खिडकीवरच्या बाईंनी एक कागद दिला : पासपोर्ट खराब कसा झाला ते स्वतःच्या शब्दांत, शपथेवर लिहा, खोटं आढळल्यास कारवाई होईल.
बाकावर बसलो. मध्ये आई. तिने कागद न वाचताच सांगितलं, "लिही, आईनं कुंकू लावलं. बाई जुन्या वळणाची आहे, म्हण. तिला समजत नाही, म्हण." पलीकडे बाबा मान खाली घालून बसले होते.
मी पेन हातात घेऊन बसले. शेजारच्या माणसाचा फॉर्म भरून झाला आणि तो गेला.
मग लिहिलं. मी, संजना जयराम, शपथेवर लिहिते की ४ फेब्रुवारी रोजी सायंकाळी मी स्वतः माझ्या हाताने बोट पाण्यात बुडवून व्हिसाच्या पानावर कुंकू लावले व पासपोर्ट ओला असताना बंद केला. आईने लावलेले कुंकू कव्हरवर व कोरडे होते. ते मीच पुसले होते. खाली सही.
कागद आईच्या मांडीवर ठेवला. तिने चष्मा काढून पदराने पुसला, लावला आणि वाचलं. ती ओठ हलवत वाचते, त्यामुळे कुठपर्यंत पोचली ते कळत होतं. शेवटपर्यंत पोचल्यावर पुन्हा वरून सुरू केलं. बाबांनीही वाकून वाचलं. त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.
मी वाट बघत होते. काय वाटेल ते बोलली असती तरी चाललं असतं.
आई म्हणाली, "पाणी कशाला लावलंस गं? कुंकू कोरडं लावतात."
मी म्हटलं, "टिकावं म्हणून."
"टिकलं की मग," आई म्हणाली, आणि कागद बाबांकडे दिला.
आमचा नंबर चौऱ्याऐंशी. खिडकीवर एकोणतीस चालू होता.