दुधाचा पहिला घोट

मंगळवार, संध्याकाळ

डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. सासूबाईंची नजर गेल्यापासून रोज मीच त्यांना कादंबरी वाचून दाखवते. पुस्तकं हे आणतात, गोरव्याहून, कामावरून घरी येताना लायब्ररीतून, नुसतं मुखपृष्ठ बघून. या महिन्यात तीन. प्रेमकथेतली सून दागिने घेऊन जुन्या मित्राबरोबर पळाली. थरारकथेतल्या सुनेनं सासऱ्याला जिन्यावरून ढकललं. आणि या रहस्यकथेत सासूच्या दुधात विष, संशय अर्थातच सुनेवर. लेखकांना घरात दुसरं माणूसच दिसत नाही का? विष आणलं कुठून, तेवढं लिहायचीही तसदी नाही.

आज सहाला दूध दिलं तर सासूबाई म्हणाल्या, "पहिला घोट तू घे."

सव्वीस वर्षं मीच देतेय त्यांना दूध. घेतला घोट. काय करणार? हे हसले. "अगं, जवा दे ने, सोडून दे, वय झालंय आईचं." माझं नाही झालं वाटतं.

मग शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. खुनी सूनच होती. मी सरळ 'मुलगा' असं वाचलं. आवाजही बदलला नाही.

सासूबाई ताडकन उठून बसल्या. "काहीतरीच. पोटचा मुलगा असं करेल का? या लेखकाला काही कळत नाही."

काल सुनेवर संशय आला, तेव्हा याच लेखकाला त्या म्हणाल्या होत्या, "किती खरं लिहितो गं हा."