दादाचा नंबर अजून चालू आहे

४ फेब्रुवारी

चि. भाऊजी,
अ. उ. आ.

त्या सकाळी मी अंथरुणं काढली, दूध तापवलं आणि दोरीवरचे कपडे उलटे केले, कारण आदल्या दिवशीचे अजून ओलसर होते. हे खिडकीशी बसून शर्टाचं बटण लावत होते. मी लावते म्हटलं, तर म्हणाले, तू लावलेलं टिकतं पण वाकडं दिसतं. रेडिओवर साडेसातच्या बातम्या चालू होत्या. त्या दहा मिनिटं चालतात. बातम्या संपल्या तेव्हा ह्यांनी दोरा तोडायला कात्री मागितली. मी दिली. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, दहा मिनिटं आहेत, अर्धा कप चहा चालेल. दहा कमी आठला ते निघाले.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण, चौकशी समितीचा अहवाल टपालाने आला. चौसष्ट पानं आहेत. जावई म्हणाले, तुम्ही नका वाचू, मी थोडक्यात सांगतो. जन्मभर थोडक्यातच ऐकत आले, म्हणून शब्दकोश शेजारी ठेवून स्वतः वाचला. आठ दिवस लागले. तुम्ही मला ग्रंथपाल म्हणून चिडवायचात, ती पदवी आता कायम करायला हरकत नाही.

एकेचाळिसाव्या पानावर तक्ता आहे. क्लोरीनच्या खोलीचा अलार्म सात अडतीसला वाजला आणि सात चाळीसला बंद केला गेला. बंद करणाऱ्याच्या रकान्यात ह्यांचं नाव आहे. खाली लिहिलंय की मृत कर्मचाऱ्याने धोक्याची सूचना स्वतः बंद केली आणि नंतर स्वतःच त्या खोलीत प्रवेश केला. म्हणजे ह्यांना ह्यांनीच मारलं, असं आता छापील झालं. हरकत असेल तर अठ्ठावीस तारखेपर्यंत समितीपुढे मांडायची आहे.

भाऊजी, सात चाळीसला हे माझ्याकडे कात्री मागत होते. आपली वसाहत आवारातच, त्यामुळे फाटकावर जाण्यायेण्याची नोंद नाही. आहे ती फक्त माझी आठवण. त्या रात्रपाळीला कंट्रोल रूममध्ये तुम्ही होतात. काय झालं ते मला लिहा. फोनवर विचारत नाही, कारण फोनवर तुम्ही हं हं करता. पत्रात ते करता येत नाही.

माझ्या जावेला, धाकटीला म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे तो आहेच, पत्राचा आळस तेवढा सोडा.

तुमची,
वहिनी


९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक. तुमच्या क्वार्टरमध्ये नवीन बिऱ्हाड आलं, त्यांनी दाराला हिरवा रंग लावला. धाकटी रोज त्या दाराकडे बघून नाक मुरडते. आमच्या मोठ्या मुलाचे दात पडायला लागलेत, बोलला की शिट्टी वाजते.

अहवालाचं म्हणाल तर यंत्राचं घड्याळ पुढेमागे असू शकतं. इथे सगळे म्हणतात, आता एवढं मनाला लावून घेऊ नये, गेलेल्या माणसाला कोण काय शिक्षा करणार आहे. मलाही तसंच वाटतं. तब्येतीला जपा.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपला,
धाकटा


१३ फेब्रुवारी

चि. भाऊजी,
अ. उ. आ.

दाराचा रंग कळला, दात कळले. मी विचारलं होतं ते सोडून बाकी सगळं कळलं.

गेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही हे खरं. पण माझ्या लेकीला तिच्या सासरी एक जण म्हणाला, तुझ्या बाबांचा थोडा निष्काळजीपणा झाला, नाही का. तिने मान हलवली. घरी येऊन मला विचारलं, आई, खरंच झाला का. ज्या माणसाने आयुष्यात गॅसचं बटण तीनदा बघितल्याशिवाय घर सोडलं नाही, त्याच्याबद्दल त्याची मुलगी विचारते. तिला काय सांगू, तेवढं मला लिहा.

तुम्ही सहा वर्षांचे असताना मी ह्या घरात आले. खोटं बोलताना तुम्ही आधी हवापाण्याचं बोलता. तेव्हाही बोलायचात.

लोभ कमी झालेला नाही. उत्तराची वाट बघते.

तुमची,
वहिनी


१८ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सात चाळीसला अलार्म मी बंद केला.

वाक्य लिहून झालं, आता बाकीचं लिहू शकेन. क्लोरीनच्या खोलीबाहेरची फरशी धुतली, किंवा हवा ओली असली, की गळती नसतानाही तो अलार्म वाजतो. दोन मिनिटांत कोणी बंद केला नाही तर पंप आपोआप थांबतात आणि अर्ध्या गावाचे नळ कोरडे पडतात. मग वरून फोन येतो. आमचे साहेब तुम्हाला माहीत आहेत, दर महिन्याला भिंतीवर रंगीत आलेख लावतात ते. पंप थांबला की त्यांची रेघ खाली येते.

पूर्वी किल्ली होती. जवळ असेल तो फिरवायचा. नवीन यंत्रणा आली तेव्हा अलार्म बंद करायचा नंबर फक्त मुख्य ऑपरेटरला मिळाला, म्हणजे जबाबदार माणूसच बंद करील. तिन्ही पाळ्यांना मिळून मुख्य ऑपरेटर एकटा दादा. त्याने आणखी नंबर मिळावेत म्हणून तीन अर्ज केले. कार्यालय म्हणालं, यंत्रणेच्या कंपनीचं पत्र आणा. कंपनी म्हणाली, कार्यालयाचं पत्र आणा. शेवटी दादाने स्वतःच्या अक्षरात नंबर पुठ्ठ्यावर लिहून स्क्रीनच्या मागे चिकटवला. आम्हाला बजावलं की गावाला कोरडं ठेवू नका, पण बंद करायच्या आधी खोली बघून या. पहिला महिना आम्ही बघत होतो.

त्या रात्री तो सहा वेळा वाजला. दोनदा मी जाऊन बघितलं. सहाव्यांदा, सात अडतीसला, नाही बघितलं, आणि नेमकी तेव्हाच गळती खरी होती. एकदा बंद केला की तो तासभर गप्प राहतो. दादा आठला आला तेव्हा स्क्रीन शांत होती. मी त्याला काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंय असं मला वाटलंच नव्हतं. मी घरी येऊन अंगावर पाणी घेत होतो तेव्हा बाहेर आरडाओरडा झाला.

आणखी एक गोष्ट आहे, ती धाकटीलाही सांगितलेली नाही. मुख्य ऑपरेटरची जागा अजून भरलेली नाही. म्हणून नंबर तोच चालू आहे. टाकला की स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत दादाचं नाव येतं आणि खाली सुस्वागतम. अकरा महिने रोज येतंय. मी नंबर टाकून खिडकीकडे बघतो. गेल्या महिन्यात साहेबांनी तत्पर कर्मचाऱ्यांची यादी वाचायला घेतली, यंत्राने काढलेली. पहिलं नाव दादाचं होतं. साहेब थांबले, पाणी प्यायले आणि दुसऱ्या नावापासून वाचू लागले. कोणी हसलं नाही.

लोभ मागायला तोंड नाही.

धाकटा


२० फेब्रुवारी

चि. भाऊजी,
आशीर्वाद.

पत्र वाचून तांदूळ निवडायला बसले. निवडलेलेच पुन्हा निवडले.

राग आहे, लपवत नाही. तुमच्यावर आहे, त्या साहेबांवर आहे, आणि पुठ्ठ्यावर नंबर लिहिणाऱ्यावरही आहे. त्याच्यावर रागवायची सोय उरली नाही, म्हणून त्याचाही तुमच्या वाट्याला आला असेल. ह्यांनी मला त्या पुठ्ठ्याबद्दल कधी सांगितलं नाही. मला सगळं सांगतात असं मी समजत होते.

समितीकडे जा आणि मला लिहिलंत ते तिथे सांगा. तुमचं नाव मी माझ्या हाताने देणार नाही. पण सात चाळीसला हे घरी होते, हे मात्र लिहिणार. मग तुम्हालाच पुढे यावं लागेल. आधी गेलात तर बरं दिसेल, आणि तुम्हाला झोपही लागेल.

तुमची,
वहिनी


२३ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

गेलो. फाटकावरून एकदा परत फिरलो होतो, पण गेलो.

अध्यक्षांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, भावाच्या मायेपोटी तुम्ही स्वतःवर ओढवून घेताय, हे आम्ही समजू शकतो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. सात चाळीस, दादाचं नाव. म्हणाले, इथे तुमचं नाव कुठे आहे ते दाखवा. माणूस दुःखात काहीही बोलतो, नोंद खोटं बोलत नाही. वहिनींच्या आठवणीचाही उपयोग नाही असंही म्हणाले, घरच्या माणसांची साक्ष धरत नाहीत. मला चार दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. वहिनी, मी गुन्हा कबूल करायला गेलो आणि रजा घेऊन आलो.

यंत्र रोज सकाळी आदल्या दिवसाची नोंद छापतं, आम्ही ती खिळ्याला अडकवतो. कोणी वाचत नाही. कालच्या दिवसाचा कागद सोबत पाठवतो आहे. माझ्याने तो तिथे बघवेना.

धाकटा


२५ फेब्रुवारी

चि. भाऊजी,
अ. उ. आ.

कागद मिळाला. घरात कोणी नव्हतं. बावीस फेब्रुवारी, चार वेळा अलार्म, चार वेळा ह्यांचं नाव. पहिलं सकाळी पाच बाराला. वाचताना सगळ्यात आधी मनात आलं ते असं, की हे त्या दिवशी पहाटेपासून कामावर होते आणि घरी आले नाहीत.

संध्याकाळभर कागद मांडीवर होता. खरं लिहिते, तो कोणाला द्यावासा वाटेना. कुठेतरी एका खोलीत रोज ह्यांचं नाव हिरव्या अक्षरांत उमटतं, हे तुम्ही लिहिल्यापासून मी पहाटे उठून बसते आणि मनात म्हणते, आता उमटलं असेल. देवळात जाणाऱ्याला जसं बरं वाटतं तसं बरं वाटतं. नंबर बंद झाला की हे तिथूनही जाणार. मग मला उठायला काही कारण राहणार नाही.

पण त्या खोलीत उद्याही आठ वाजता कोणीतरी येईल, आणि स्क्रीन शांत असेल. त्यालाही कोणीतरी अर्धा कप चहा देऊन पाठवलं असेल.

अध्यक्ष म्हणाले ना, नोंद खोटं बोलत नाही. ठीक आहे. घरच्यांची साक्ष नको तर नको. लेकीला सगळं सांगितलं, पुठ्ठ्याचंही. ती म्हणाली, बाबांचं थोडं चुकलंच. मी म्हटलं, हो, थोडं. तेवढं आपण आपलं म्हणून घेऊ.

तुम्ही चार दिवस घरीच आहात तर मुलांना जवळ घेऊन बसा. राग अजून आहे, लोभही आहे, दोन्ही सोबतच राहतील असं दिसतं.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पत्र टाकायचं राहून गेलं, म्हणून पुढचंही लिहिते. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी समितीच्या कार्यालयात गेले. तुम्ही पाठवलेला कागद आणि ह्यांच्या मृत्यूचा दाखला एका टाचणीत लावून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. दोन्हींतलं खरं कोणतं ते लेखी द्या, असं सांगितलं, आणि ते लिहीपर्यंत समोरच्या खुर्चीवर बसून राहिले.