तिसरा पाव

१२ ऑक्टोबर, रविवार

भाऊजी पुन्हा तेच बोलून गेले. चहासुद्धा अर्धा ठेवला. "वहिनी, तीन वर्षं झाली. दर्भाचा पुतळा करू, ग्वारीघाटावर दहन करू, दादाला गती मिळू द्या." जशी काही मीच ह्यांना खुंटीला बांधून ठेवलंय! पितृपक्षात नाही म्हटलं, तर आता दिवाळीच्या तोंडावर पुन्हा सुरू. मी सरळ सांगितलं — ज्याला मेलेलं पाहिलं नाही, त्याचं श्राद्ध मी करणार नाही. अंबरीशभाऊजी मनाने वाईट नाहीत. सख्ख्या भावासाठीच बोलतात. पण माझं डोकं फिरतं ते फिरतंच.

पाहिलं काय आम्ही? घाटावर स्कूटर उभी. पायरीवर चपला. नदीला पूर. नावाड्यांनी शोध शोध शोधलं, हाती काही लागलं नाही. अन् कपडे? पोहायला उतरले असते तर कपडे पायरीवर राहिले असते ना. कपडे घालून निघालेला माणूस बुडत नाही, कुठेतरी जातो. रिटायर झाल्यापासून एकच धोशा होता — नर्मदेच्या परकम्मेला जाईन, परकम्मेला जाईन. गेले असतील. अनवाणीच जातात पुष्कळ जण.

रात्रीच्या जेवणात अपूर्वा म्हणाली, "मम्मी, पापा को ज़िंदा मानना है या नहीं, एक बार तय कर लो ना." पोरीला मराठी सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. मी तिला भाजी वाढली.

१६ ऑक्टोबर

आज नेपियर टाउनात आलोकची बेकरी पाहून आले. गढ्याच्या श्रीरंगरावांचा मुलगा. मोटारीच्या कारखान्यात नोकरीला म्हणून मेक्सिकोला गेला, तिकडचीच बायको केली, अन् आता बायको, सासू, भट्टी सगळं घेऊन परत! बायको मारिसोल गल्ल्यावर बसते. सासू आत पीठ मळते. तिला सगळे चेलोअम्मा म्हणायला लागलेत. पांढरी जाड वेणी, कोपरापर्यंत मैदा.

पद्धत गमतीची आहे. दारातच थाळी अन् चिमटा हातात देतात. आपणच फिरायचं, आपणच उचलायचं. शिंपल्यासारख्या रेघांचे गोल पाव, वर साखरेचा थर. मी विचारलं, अंडं आहे का? आलोक हसला, "काकू, जबलपुरात दुकान चालवायचं आहे. एकातही नाही." चार घेतले. एक ह्यांच्या नावाने घेतला, सवय आहे.

निघताना चेलोअम्मा दार धरायला आली. मी बाहेर पडले, पायऱ्या उतरले, तरी तिने दार धरूनच ठेवलं. माझ्या मागून कोणी जात असावं तशी बघत होती. मागे कोणीच नव्हतं. मग हळूच लावून घेतलं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन झालं. ह्यांच्या वाटच्या करंज्या डब्यात काढून ठेवल्या.

२८ ऑक्टोबर

बेकरीत आज वेगळेच पाव. गोल, अन् वर हाडांचा आकार — आडवी-उभी हाडं, मध्ये गाठ. शेजारच्या पूर्णिमाताई बघूनच "शी बाई" करून निघून गेल्या. मी मात्र विचारलंच, काहून असे केले?

आलोकने सांगितलं. दोन नोव्हेंबरला त्यांच्याकडे मेलेली माणसं घरी येतात. फोटो मांडायचा, पाणी ठेवायचं, हा पाव ठेवायचा. त्यात सौंफ, म्हणजे बडीशेप, अन् संत्र्याची साल, त्या वासाने त्यांना वाट सापडते. "म्हणजे आपलं पान वाढायचं तसंच काकू. फक्त कावळा नाही." मग कळायचं कसं, आलं कोणी की नाही? त्याने सासूला विचारलं. ती पुष्कळ वेळ बोलली. आलोक म्हणाला, "अम्मा म्हणते, मेलेलं माणूस पाव खात नाही, त्यातली चव खातं. सकाळी तोंडात घातला की नुसता भुसा लागतो."

मी घरी येईपर्यंत त्याच विचारात. आयुष्यभर मुलींना केमिस्ट्री शिकवली. माहीत नसलेला पदार्थ तपासायचा तर शेजारी माहीत असलेला ठेवायचा, हे मीच घोकून घेतलं त्यांच्याकडून. सासूबाई माझ्या मांडीवर गेल्या, त्यांच्याबद्दल काही शंका नाही. एक पाव त्यांना. एक ह्यांना. सकाळी दोन्ही चाखायचे. त्यांचा भुसा लागला अन् ह्यांचा गोड, तर विषय संपला. भाऊजींनी मग पुतळ्याचं नाव काढून दाखवावं.

उलट निघालं तर?

३१ ऑक्टोबर

पाव घेऊन आले. मी दोनच घेतले होते. चेलोअम्माने थाळीत बघितलं, बोटांनी मोजलं, अन् आतून तिसरा आणून ठेवला. मी म्हटलं, अम्मा, दो ही चाहिए. ती आपल्या तुटक्या हिंदीत म्हणाली, "ये बाहर वाला. दरवाज़े के बाहर रखना. जिसके लिए घर में कोई रोया नहीं, वो अंदर नहीं आ सकता. वो ये खाता." टोपलीने झाकायचा, पौर्णिमेपर्यंत उघडायचा नाही, मग नदीत सोडायचा. घरच्यांनी चाखायचा नाही. पैसेही घेईना. वरून माझा हात घट्ट धरून बसली. मैद्याने माखलेला हात, अन् गार. भट्टीपाशी उभी राहणाऱ्या बाईचा हात इतका गार कसा असेल?

असं कोण असेल बाप्पा, ज्याला घरचं कोणी रडलंच नाही! वाईट वाटलं मला. ठेवीन त्या बिचाऱ्यासाठीही.

१ नोव्हेंबर, एकादशी

ग्वारीघाटावर जाऊन आले. चातुर्मास संपला, परकम्मेवाले निघून राहिले. प्रत्येकाचं तोंड पाहिलं. एकाने विचारलंही, "माताजी, किसको ढूँढ रही हो?" मी म्हटलं, किसी को नहीं.

२ नोव्हेंबर, रविवार

मांडलं. देवघराशेजारच्या स्टुलावर सासूबाईंचा फोटो, पाव, तांब्याचा पेला. दुसऱ्या स्टुलावर ह्यांचा. ह्यांच्या फोटोला हार नाही घातला, घालणारही नाही. अपूर्वा दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "पापा को स्टील का गिलास दो, ताँबे का पानी नहीं पीते थे." बदलून दिला.

तिसरी बशी बाहेर, उंबऱ्यापलीकडे. टोपली घातली, वर वीट ठेवली, मांजरी फार झाल्या आहेत. कॉलनीत तुळशीच्या लग्नाचे फटाके चालले होते. आमच्या दारापुढे मात्र गार वारं होतं, अन् ओल्या कपड्यांचा वास. बाहेर एकही कपडा वाळत नव्हता.

३ नोव्हेंबर

सकाळी उजाडल्याबरोबर.

ह्यांच्या पावावर मुंग्या. लाल मुंग्यांची रांग स्टुलाच्या पायापासून थेट वर! सासूबाईंच्या पावावर एक नाही. हातभर अंतर नाही दोन्ही स्टुलांत. मैदा तोच, साखर तीच, अन् मुंग्यांनी वळसा घालून तो सोडलेला.

सासूबाईंचा तुकडा तोंडात घातला. कापूस चावल्यासारखं. मीठ नाही, गोड नाही, वाससुद्धा नाही. हात जोडले. मग मुंग्या झटकून ह्यांचा घेतला. गोड! संत्र्याचा वास नाकात गेला, सौंफ दाताखाली आली.

आले नाहीत. म्हणजे मेले नाहीत. मी सांगतच होते!

भाऊजींना फोन केला. दहन-बिहन विसरा म्हटलं, तुमचा भाऊ जिवंत आहे. ते म्हणाले, "वहिनी, अपूर्वाला फोन द्या जरा." समजतात मला वेड लागलं. समजू देत.

४ नोव्हेंबर

सदर बाजारातून ह्यांच्यासाठी स्वेटर आणला. करडा, पुढून बटणांचा.

अपूर्वाला सांगितलं, तू पण चाखून बघ. तिने दोन्ही पावांचे तुकडे खाल्ले. सासूबाईंचा थुंकून टाकला, घाबरली. ह्यांचा सावकाश चावला. मग डोळे भरून आले तिचे, आनंदाने नाही. "मतलब पापा ज़िंदा हैं," ती म्हणाली, "मतलब वो हमको छोड़ के चले गए. तीन साल में एक फ़ोन नहीं. मैं टायफ़ॉइड में पड़ी थी, तब भी नहीं." अन् मग मराठीत, मुद्दाम माझ्याकडे बघून, "आई, मी त्यांना कधी माफ करणार नाही."

दार लावून घेतलं तिने. मी तो स्वेटर घेऊन बसून राहिले. हा विचार मला का नाही सुचला? तीन वर्षं ते जिवंत असावेत एवढंच मागितलं देवाकडे. जिवंत असून आमच्याकडे पाठ फिरवलेला माणूस, तो मला नको आहे की हवा आहे? संताप येतो आहे. हे लिहितानासुद्धा येतो आहे. आले तर दारात उभं करून विचारणार आहे मी.

५ नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा

बाहेरचा पाव नदीत सोडायचा म्हणून सकाळी वीट काढली, टोपली उचलली. पाव अख्खा. कुठे चीर नाही, साखर तशीच, एक मुंगी नाही. अन् बशीच्या काठावर सौंफेचे दाणे काढून ठेवलेले. एकाला एक लावून, ओळीने.

ह्यांना सौंफ कधी चालली नाही. कचोरी असो, लोणचं असो, एक एक दाणा वेचून ताटाच्या काठावर असेच लावत बसायचे. जेवण गार व्हायचं अन् मी ओरडायची.

अपूर्वा मागून आली. तिने बशी पाहिली अन् माझा पदर धरला, लहानपणी धरायची तसा.

भाऊजींना फोन केला. पुतळा करा म्हटलं. मग तिथेच उंबऱ्यावर बसून मी ह्यांच्यासाठी रडले.