किशोररावांचं विमान पोटावर उतरलं, त्याची हकीकत

अकोला, पातूर रोड

तीर्थरूप पंजाबरावमामांस,

भाचा आणि जावई अशा दोन्ही नात्यांनी भगवंतचा नमस्कार पोचावा. मामींचा गुडघा आता मांडी घालू देतो का? शेंदूरजनाघाटात संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली असेल. इकडे जमुना आणि पोरं खुशाल आहेत. फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि मग तोडीवरच्या बायासुद्धा मला सल्ले देतात. म्हणून हे पत्र.

मागे तुम्ही विचारलं होतं, की माझ्यासारखा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस आठ महिने विमानाखाली काय करून राहिला. तर ऐका. किशोरराव अमरावतीचे, वय एकाहत्तर. उभी नोकरी त्यांनी विमानातून कपाशीवर फवारणी करण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर एका पंख्याचं, चार जणांचं जुनं विमान घेतलं (१९५७ सालचं, म्हणजे माझ्याहून वडील). मूर्तिजापूरकडे एक खाजगी धावपट्टी आहे, तिथल्या टिनाच्या शेडमध्ये ते असतं. याची चाकं उडाल्यावर पोटात घ्यायची आणि उतरण्याआधी खटका ओढून बाहेर काढायची. फेब्रुवारीत एका सकाळी ती बाहेर आलीच नाहीत. विमान पोटावर घसरत शंभरेक पावलं गेलं. माणसाला खरचटलं नाही, पण पंख्याची दोन्ही पाती मागे मुरडली आणि खालचा पत्रा फाटला. किशोररावांनी खाली उतरून टोपी सरळ केली आणि जमलेल्यांना सांगितलं, "चाकं अटकली."

नागपूरहून प्रणाली मॅडम आल्या. विमानाच्या इंजिनिअर, वय तिशीच्या आत, पण बोलणं तहसीलदारासारखं. क्रेननं पट्टे लावून विमान उचललं, जॅकवर ठेवलं. मॅडम आत बसल्या, खटका ओढला. तिन्ही चाकं अशी सुरेख बाहेर आली, जशी काही तेवढ्यासाठीच थांबली होती. आतले तीन हिरवे दिवे लागले. बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर शेळ्या चारणाऱ्या चतुराबाई तेवढ्या म्हणाल्या, "उतरली न बापा! कावून म्हणत होते अटकली?" किशोरराव आभाळाकडे पाहत राहिले. मग गाडीत बसून अमरावतीला निघून गेले.

आठ दिवस त्यांचा फोन बंद. शेवटी मी घरी गेलो. माणूस खाटेवर बसलेला, समोर भंगारवाल्याचा नंबर लिहिलेला कागद. म्हणाले, "भगवंता, मले खटक्याचा विसर पडला. चाळीस वर्षांत एकदाबी नाही पडला. आता पौर्णिमा मले उडू देत नाही." पौर्णिमा त्यांची मुलगी. ती स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, विसरले त्याचा राग नाही. खोटं कावून बोलले, त्याचा आहे." मामा, एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येताना पाहणं बरं नसतं. मी पाण्याचा ग्लास उगाच दोनदा रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमला खरं सांगितलं. मॅडमनं ते जसंच्या तसं अहवालात लिहिलं आणि बजावलं, की डॉक्टरनं पास केलं आणि शिकवणारा पायलट शेजारी बसवला, तरच पुन्हा उड्डाण. भंगारवाल्याचा कागद पौर्णिमानं फाडला आणि दुरुस्ती सुरू झाली. पंखा जमिनीला लागला की अख्खं इंजिन खोलून तपासावं लागतं, म्हणून ते बंगलोरला गेलं. नवा पंखा परदेशातून यायचा, त्यानं पाच महिने घेतले. मी पहिल्याच दिवशी पोटाचा एक पोचा हातोडीनं ठोकून झकास सपाट केला. मॅडमनं तो पत्रा कापून फेकून दिला आणि म्हणाल्या, "हे ट्रॅक्टरचं बोनेट नाही." त्यानंतर माझं काम एकच: उताणं पडून, बाहेरून मॅडम पत्रा जोडायच्या रिबीट ठोकतील तेव्हा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. सहाशेच्या वर रिबीट. माझा उजवा कान अजून 'टण' म्हणतो (जमुनाला वाटते, मी मुद्दाम ऐकत नाही).

मागच्या सोमवारी चाचणी झाली. शेजारी सूर्यभान सर म्हणून शिकवणारे पायलट. विमान उडालं, दोन चकरा मारल्या, आणि इतकं अलगद टेकलं की चतुराबाईंच्या शेळ्यांनी मानही वर केली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडम मात्र लाल झाल्या, कारण किशोररावांनी पूर्ण वेळ चाकं वर घेतलीच नव्हती. "काका, चाकांचीच तर चाचणी होती!" किशोरराव म्हणाले, "मले वाटलं, राहू द्या." त्यांना पुन्हा पाठवलं. या वेळी चाकं वर गेली, वेळेवर खाली आली, आणि पौर्णिमानं मुठीत धरलेला माझा शर्ट सोडला.

तर अशी हकीकत. मामींना नमस्कार.

आपला,
भगवंत

ता. क. फेब्रुवारीत त्या विमानात उजवीकडच्या सीटवर मी होतो. जमुनाला वाटते, त्या दिवशी मी धारणीला पार्ट पोचवायला गेलो होतो. तिला हे तुम्ही सांगावं. वडिलांवर ती ओरडत नाही. पत्र गुरुवारी मिळेल. गुरुवारी मी खरोखरच धारणीला जातो आहे.

आणखी एक. तेव्हा मी किशोररावांना तुमच्या रोहितच्या लग्नात मला मानाचा फेटा कसा मिळाला नाही, ते सांगत होतो. विमानात कसलासा भोंगा वाजू लागला, म्हणून मी आवाज चढवला. तो भोंगा चाकं बाहेर काढायची आठवण द्यायला असतो, हे मॅडमनं नंतर सांगितलं. अहवालात किशोररावांनी माझं नाव येऊ दिलं नाही. फेट्याचा विषय माझ्याकडून मिटला. तरी पाठवायचाच झाला, तर गुलाबी सोडून कोणताही रंग चालेल.